ही फाईल नक्की कुठली? हॅशवरून ओळखीच्या फायली वेगळ्या काढायची पद्धत, नवख्यांसाठी

कोल्हापुरात राजारामपुरी, शाहूपुरी, लक्ष्मीपुरी कुठंही बघा, कॉम्प्युटर दुरुस्तीच्या नाहीतर डेटा रिकव्हरीच्या कामाला नवीन लागलेल्या पोरापोरींपुढं हा पेच येतोच. गिऱ्हाईकाची हार्डडिस्क पुढ्यात असते, आत लाखांनी फायली असतात आणि गिऱ्हाईक म्हणतं, "ह्यात काय घुसलंय का बघा तेवढं." आता ह्यातल्या विंडोजच्या कुठल्या, ऑफिसच्या कुठल्या, माणसाच्या स्वतःच्या कुठल्या आणि नको त्या कुठल्या, हे नावावरून कळत नाही, कारण नाव कुणीही काहीही देऊ शकतं. एकेक उघडून बघत बसलात तर महिना जाईल आणि तरी खात्री नाही.

ह्यावर वापरली जाणारी पद्धत साधी आहे. प्रत्येक फाईलचा हॅश, म्हणजे फाईलच्या बोटाच्या ठशासारखा एक आकडा, काढायचा, तो माहितीतल्या सॉफ्टवेअरच्या हॅशच्या यादीशी जुळवायचा, जुळलेलं बाजूला काढायचं आणि उरलेल्यावर डोकं लावायचं. पण नेटवर ह्याबद्दल जे मिळतं ते एकतर लई पुस्तकी असतं नाहीतर अर्धवट, म्हणून सगळं क्रमानं लिहितोय.

सुरू करायच्या आधी एक गोष्ट पक्की करा, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. हॅश जुळला म्हणजे ही फाईल कुठली ते कळलं. ती चांगली आहे का वाईट, ते कळलेलं नाही.

लागणारं सामान

- डिस्कची इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी प्रत, घ्यायला एफटीके इमेजर, तो फुकट मिळतो. लिनक्सवर काम करत असाल तर गायमेजर.
- राइट ब्लॉकर, म्हणजे डिस्कवर काही लिहू न देणारं उपकरण, असेल तर उत्तम. नसेल तर लिनक्सची लाइव्ह पेनड्राइव्ह, डिस्क फक्त रीड-ओन्ली माउंट करायची.
- विंडोजमधला पॉवरशेल (कमांड टाइप करायची विंडो) किंवा सर्टयूटिल ही कमांड, हे आधीपासून असतंच.
- ७-झिप. एकदोन फायलींना राइट क्लिकमधला सीआरसी शा मेनू पुरतो.
- भरपूर फायली असतील तर हॅशडीप (हॅश काढायचं टूल) किंवा ऑटोप्सी (डिस्क तपासायचं सॉफ्टवेअर), दोन्ही फुकट.
- मोकळी जागा असलेली दुसरी डिस्क. ओळखीच्या फायलींची यादीच लई मोठी असते.
- गिऱ्हाईकाची लेखी परवानगी. हे सामान नाही पण ह्याच्याशिवाय डिस्क उघडू नका.

१. मूळ डिस्कला आधी हात लावू नका

विंडोजला डिस्क जोडली की ते स्वतःहून तिच्यावर काहीतरी लिहितंच, सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशनचं फोल्डर तयार होतं, अँटिव्हायरस फायली पुसायला लागतो. म्हणून आधी इमेज घ्या आणि काम इमेजवर करा. एफटीके इमेजर इमेज झाल्यावर एमडी५ आणि शा-१ हे दोन प्रकारचे हॅश दाखवतो आणि व्हेरिफाय पण करतो, तो रिपोर्ट सेव्ह करून ठेवा. नुसती गेम लावायला आलेली डिस्क असेल तर एवढं लागत नाही, पण भांडणतंटा, पैशाची फसवणूक, नोकरीवरून काढलेल्या माणसाचा लॅपटॉप असलं काही असेल तर ही पायरी सोडू नका.

२. हॅश म्हणजे काय, कामापुरतं

फाईलमधले सगळे बाइट एका ठरलेल्या गणितातून काढले की ठराविक लांबीचा आकडा येतो (त्यात अंक आणि ए ते एफ अक्षरं असतात), तो हॅश. फाईल एक केबीची असो की चार जीबीची, लांबी तेवढीच. एमडी५ चे ३२ अक्षरं, शा-१ चे ४०, शा-२५६ चे ६४. आत एक बिट जरी बदलला तरी आकडा पूर्ण वेगळा येतो, थोडासा बदललेला नाही, ओळखू न येण्याइतका.

फाईलचं नाव बदललं तर हॅश बदलत नाही. तारीख बदलली, दुसऱ्या फोल्डरात टाकली, पेनड्राइव्हवरून कॉपी केली तरी नाही. वर्डची फाईल उघडून काही न बदलता परत सेव्ह केली तर मात्र बदलू शकतो, कारण आतली माहिती नव्यानं लिहिली जाते. व्हॉट्सअपवर फोटो म्हणून पाठवलेला फोटो बारीक होऊन जातो म्हणून हॅश वेगळा, तोच डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तसाच राहतो. गिऱ्हाईकाकडनं पुराव्याचा फोटो मागवताना हे सांगायला विसरू नका.

आता कुठला वापरायचा? एमडी५ १९९२ साली आरएफसी १३२१ ह्या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजातून आला आणि २००४ मध्ये शाओयुन वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन वेगळ्या मजकुरांचा एकच एमडी५ काढून दाखवला. २०१२ मध्ये उघडकीला आलेल्या फ्लेम नावाच्या मालवेअरनं तर ह्याच कमजोरीतून मायक्रोसॉफ्टची वाटावी अशी खोटी सही मिळवली. शा-१ चं तेच २०१७ च्या फेब्रुवारीत झालं, ॲमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय संस्था आणि गूगलनं मिळून दोन वेगळ्या पीडीएफ एकाच शा-१ च्या करून दाखवल्या. म्हणून नवीन काम शा-२५६ मध्येच करा.

पण म्हणून जुन्या एमडी५ याद्या फेकून देऊ नका. वर सांगितलेल्या प्रकारात फसवणारा दोन्ही फायली स्वतःच बनवतो. आधीपासून असलेल्या एखाद्या फाईलच्या हॅशला जुळेल अशी दुसरी फाईल नव्यानं बनवणं अजून कुणाला व्यवहारात जमलेलं नाही. त्यामुळे नेहमीच्या फायली चाळून बाजूला काढायला एमडी५ चालतो, "ही फाईल तीच आहे" असं लिहून द्यायचं असेल तर शा-२५६ घ्या.

३. एका फाईलचा हॅश काढून बघा

विंडोज १० किंवा ११ वर पॉवरशेल उघडा, गेट-फाइलहॅश टाइप करा, स्पेस, मग फाईल ओढून विंडोत सोडा म्हणजे पाथ आपोआप येतो, एंटर. काही न सांगता तो शा-२५६ च काढतो. लिनक्सवर शा२५६सम, मॅकवर शासम आणि पुढे डॅश ए २५६.

विंडोज ७ वर गेट-फाइलहॅश सापडणार नाही कारण ती कमांड पॉवरशेल ४ पासून आली आणि सात वर मुळात आवृत्ती २ असते. आपल्याकडं उद्यमनगरात, शिरोलीत, गोकुळ शिरगावला मशीनशेजारचे पीसी अजून सातवर चाललेले लई आहेत, तिथं सर्टयूटिल वापरा: सर्टयूटिल, डॅश हॅशफाइल, फाईलचा पाथ, आणि शेवटी शा२५६, मधे डॅश न देता. पण जुना सर्टयूटिल हॅश दोन दोन अक्षरं तोडून मधे स्पेस देऊन छापतो, तो तसाच यादीत शोधला तर कधीच सापडणार नाही. आधी स्पेस काढा.

कॅपिटल-स्मॉलचा घोळ पण इथंच होतो. पॉवरशेल कॅपिटल अक्षरात छापतो, शा२५६सम स्मॉलमध्ये. हॅश एकच, पण एक्सएलच्या बाहेर कुठल्याही शोधात ते वेगळे धरले जाऊ शकतात. सगळं एकाच प्रकारात करून मगच जुळवायला घ्या.

आणि नुसती पहिली चार आणि शेवटची चार अक्षरं बघून "जुळलं" म्हणू नका. कॉपी करा, पेस्ट करा, मशीनला जुळवू द्या.

४. अख्ख्या फोल्डरचे हॅश

पॉवरशेलमध्ये गेट-चाइल्डआयटमला डॅश रिकर्स आणि डॅश फाइल द्या, मग पाइप (उभ्या रेघेचं चिन्ह), गेट-फाइलहॅश, परत पाइप, एक्सपोर्ट-सीएसव्ही. झाली यादी. पण ह्यात आपल्या लोकांना हमखास अडवणारी गोष्ट म्हणजे विंडोजसोबत येणारा पॉवरशेल ५.१ सीएसव्ही आस्कीमध्ये, म्हणजे फक्त इंग्रजी अक्षरांत, लिहितो, त्यामुळे "मार्च बिलं" किंवा "सातबारा स्कॅन" अशी मराठी नावं नुसती प्रश्नचिन्हं होऊन बसतात आणि नंतर कुठली फाईल कुठली ते कळायला मार्ग उरत नाही. शेवटी डॅश एन्कोडिंग यूटीएफ८ जोडा. कमांडच्या पुढं बाणाचं चिन्ह देऊन फाईलमध्ये सोडलंत तर तोच ५.१ यूटीएफ-१६ मध्ये लिहितो आणि हॅशडीपसारखी टूल्स ती यादी वाचत नाहीत, तुम्हाला वाटतं एकही जुळलं नाही.

सीएसव्ही एक्सएलमध्ये उघडून परत सेव्ह करू नका. सीआरसी३२ हा छोटा हॅश फक्त आठ अक्षरांचा असतो, त्यात सगळे अंक आणि मधे एक ई आला की एक्सएल त्याला घातांकाचा आकडा समजून बदलून टाकतं. बघायचं असेल तर कॉपी करून बघा.

वनड्राइव्हचं फोल्डर असेल तर जपून, फाईल ढगात असली आणि तुम्ही हॅश मागितला की ती आधी पूर्ण डाउनलोड होते. गिऱ्हाईकाच्या मोबाइल डेटावर असलं करायचं नाही.

५. ओळखीच्या फायलींची यादी आणा

ह्या कामातली मोठी उघड यादी म्हणजे नॅशनल सॉफ्टवेअर रेफरन्स लायब्ररी, अमेरिकेच्या निस्ट ह्या सरकारी संस्थेची. ते लोक खरोखरचं सॉफ्टवेअर जमा करतात, मूळ प्रती मेरीलँडमधल्या गेदर्सबर्गला जपून ठेवतात आणि आतल्या प्रत्येक फाईलचा हॅश काढून रेफरन्स डेटा सेट म्हणून दर तीन महिन्यांनी फुकट देतात. लोक त्याला आरडीएस म्हणतात. पूर्वी ती साधी टेक्स्ट फाईल होती, आता आवृत्ती ३ एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये येते आणि तिच्यात शा-२५६ पण आहे. तिचे वेगळे भाग मिळतात: मॉडर्न म्हणजे अलीकडची सॉफ्टवेअर, लेगसी म्हणजे जुनी, अँड्रॉइड आणि आयओएसचे वेगळे.

नवख्यानं मॉडर्नची मिनिमल आवृत्ती घ्यावी. पूर्ण आवृत्तीत एकच फाईल जितक्या पॅकेजमध्ये आली तितक्या वेळा नोंदलेली असते, मिनिमलमध्ये एका हॅशला एकच नोंद. तरीसुद्धा झिप खोलल्यावर लई जागा खाते, डाउनलोड रात्री लावून ठेवा. ऑटोप्सीत ती, लागलं तर त्याला चालेल अशा रूपात बदलून, हॅश सेट म्हणून जोडता येते. टाइप विचारल्यावर नोन निवडा, नोटेबल निवडलंत तर विंडोजच्या सगळ्या फायली लाल होऊन पुढ्यात येतील.

एवढं डाउनलोड जमत नसेल तर लक्झेंबर्गच्या सर्कल ह्या संस्थेची हॅशलुकअप सेवा आहे, हॅश टाकला की ह्या यादीत आणि आणखी काही याद्यांत आहे का ते सांगते, पैसे लागत नाहीत.

आता परत तेच, कारण इथंच गल्लत होते. निस्टच्या यादीत हॅकिंगची टूल्स पण आहेत, फोटोत मजकूर लपवायची सॉफ्टवेअर पण आहेत. ती ओळखीच्या सॉफ्टवेअरची यादी आहे, निर्दोष सॉफ्टवेअरची नाही. पासवर्ड काढायचं टूल अकाउंटंटच्या लॅपटॉपवर सापडलं आणि यादीत जुळलं म्हणून तुम्ही ते बाजूला सारलं, तर जे शोधायला बसला होता तेच सारलं.

६. जुळवा, आणि तीन ढीग करा

जुळवल्यावर पहिला ढीग यादीत सापडलेल्यांचा. दुसरा, तुमच्याकडं वाईट म्हणून नोंद असलेल्या हॅशशी जुळलेल्यांचा. तिसरा, कुठंच न सापडलेल्यांचा, आणि वेळ ह्याच तिसऱ्याला द्यायचा. धान्य चाळणीतून काढल्यावर जे वर राहतं तेच आपण हातानं निवडतो, तसंच.

पहिल्या ढिगात वर सांगितलेल्या पासवर्ड काढायच्या टूलसारखं काही नाही ना ते बघा, आणि आणखी एक गोष्ट तपासा, रिकाम्या फायली. शून्य बाइटच्या प्रत्येक फाईलचा एमडी५ एकच येतो, डी४१डी८सीडी९८ नं सुरू होणारा, आणि शा-१ डीए३९ए३ईई नं. नाव काहीही असो, हॅश तोच. हे माहीत नसलेला माणूस "दोनशे फायली एकसारख्या आहेत, काहीतरी गडबड आहे" म्हणून बसतो. साइजचा कॉलम बघा, शून्य असेल तर विषय संपला.

शून्य नसेल तर मात्र विषय तिथंच सुरू होतो. उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपचा पीसी, सीएनसीला (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनला) प्रोग्रॅम टाकण्यापुरता ठेवलेला, नेट नाही, सगळं येणं-जाणं एका पेनड्राइव्हवरून. विंडोजचं बहुतेक सगळं यादीत जुळून निघून गेलं. उरलेली यादी हॅशनुसार सॉर्ट केल्यावर एकाखाली एक "ड्रॉइंग", "जॉबवर्क", "बिलं मार्च" अशी नावं आली, सगळ्यांच्या शेवटी ईएक्सई, सगळ्यांची साइज एक आणि चौसष्टच्या चौसष्ट अक्षरं एक. खरे फोल्डर लपवलेले आणि त्यांच्या नावाचे, फोल्डरचंच चिन्ह लावलेले प्रोग्रॅम बाहेर ठेवलेले, कामगार फोल्डर समजून डबल क्लिक करायचे. डोळ्यानं बघून हे दिसत नाही, हॅशच्या कॉलमवर एकदा सॉर्ट मारला की लगेच दिसतं. म्हणून न सापडलेल्या ढिगावर पहिलं काम हेच करा: हॅशनुसार सॉर्ट, आणि एकाच हॅशला किती वेगळी नावं आहेत ते बघा.

त्याच्या उलटंही बघा, नाव ओळखीचं पण हॅश अनोळखी. एसव्हीसीहोस्ट.ईएक्सई हे विंडोजचं नाव आहे, पण ते सिस्टिम३२ सोडून कुणाच्या डाउनलोड्समध्ये बसलंय आणि कुठल्याच यादीत नाही, तर ते आधी तपासा.

७. न सापडलेल्या फायलींचं काय करायचं

न सापडणं हा गुन्हा नाही, हे गिऱ्हाईकाला पण समजावून सांगा. यादी तीन महिन्यांनी येते, कालचा विंडोज अपडेट तिच्यात नसणारच. आणि गुऱ्हाळाच्या हिशोबाचं, दूध संस्थेचं, वजनकाट्याचं जे सॉफ्टवेअर आपल्याच इथल्या कुणी व्हिज्युअल बेसिकमध्ये करून दिलंय ते अमेरिकेतल्या यादीत कुठनं असेल? माणसाच्या स्वतःच्या फायली, फोटो, पत्रं, टॅलीचा डेटा हे सगळं पण इथंच पडतं, आणि तसंच व्हायला पाहिजे.

चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या फायलींसाठी आधी सही बघा. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्समधलं सिगचेक एका फोल्डरातल्या सगळ्यांची डिजिटल सही आणि हॅश दोन्ही दाखवतं. सहीच्या आतला हॅश आणि तुम्ही काढलेला फाईलचा हॅश वेगळे दिसले तर घाबरू नका, सहीचा हॅश काढताना फाईलमधला सहीचाच भाग वगळतात.

मग व्हायरसटोटल, पुष्कळ अँटिव्हायरसचा निकाल एकत्र दाखवणारी साइट. इथं नीट लक्ष द्या: सर्चच्या खान्यात हॅश टाकणं वेगळं आणि फाईल अपलोड करणं वेगळं. हॅश टाकला तर तुमची फाईल कुठं जात नाही. अपलोड केली तर ती तिथं राहते आणि पैसे भरणारे इतर सदस्य ती डाउनलोड करू शकतात. गिऱ्हाईकाची बॅलन्सशीट, वकिलाचा मसुदा, पेशंटचा रिपोर्ट असलं काही तपासायच्या नावाखाली वर चढवलंत तर ते परत घेता येत नाही. सिगचेकमध्ये सुद्धा डॅश व्ही नुसतं दिलं तर हॅशच विचारला जातो, व्हीला एस जोडला की अनोळखी फायली वर जातात. एस जोडू नका.

सध्या व्हॉट्सअपवर चलनाच्या, लग्नपत्रिकेच्या नावाखाली एपीके (अँड्रॉइडवर ॲप टाकायच्या फायली) येतात, त्यांचा हॅश टाकला की पुष्कळदा "सापडलं नाही" असं येतं आणि लोक खूश होतात. फसवणारे फाईल थोडी थोडी बदलून पाठवतात, एक बिट बदलला की हॅश नवा. लग्नपत्रिका एपीके कधीच नसते, हॅशची वाट न बघता ती इन्स्टॉल करू नका म्हणून सांगा. असल्या बदललेल्या भावंडांना ओळखायला एसएसडीप नावाचं वेगळं टूल आहे, ते सारखेपणा मोजतं, पण ते नंतरचं शिक्षण.

८. स्वतःची यादी करा

हे काम कुणी करत नाही आणि सगळ्यात जास्त उपयोग ह्याचाच होतो. नवीन पीसीवर विंडोज टाकलं, मराठी फॉन्ट, टॅली, सीएनसीचं सॉफ्टवेअर जे काय तुम्ही नेहमी टाकता ते मूळ सेटअपवरून टाकलं, की गिऱ्हाईकाचा पेनड्राइव्ह लागायच्या आधी सगळ्याचे हॅश काढून ठेवा. तारीख, आवृत्ती, सेटअप कुठनं घेतला हे सोबत लिहा. सहा महिन्यांनी तोच पीसी तक्रार घेऊन आला की हॅशडीपचा ऑडिट मोड काय नवीन आलं, काय बदललं, काय गेलं ते सांगतो. वजनकाट्याचं सॉफ्टवेअर एकदा तुमच्या यादीत आलं की पुढच्या प्रत्येक काट्यावर ते आपोआप बाजूला पडतं.

फक्त क्रॅक केलेल्या सेटअपची यादी करू नका. चोरीच्या विंडोजचे हॅश तुम्ही "ओळखीचे" म्हणून ठेवलेत तर त्याच्यासोबत आलेलं सगळं कायमचं तुमच्या नजरेआड झालं.

९. डाउनलोड केलेला सेटअप तपासताना

हॅश ज्या साइटवरून घेतला तीच साइट फोडली असेल तर हॅशचा काही उपयोग नाही. २० फेब्रुवारी २०१६ ला लिनक्स मिंटच्या साइटवरची लिंक बदलून मागचं दार (चोरून आत शिरायची सोय) असलेली आयएसओ, म्हणजे इन्स्टॉल करायची फाईल, लोकांना दिली गेली होती. म्हणून जिथं जीपीजीची (फाईल खऱ्या बनवणाऱ्याची आहे हे दाखवणारी डिजिटल) सही मिळते तिथं ती पण तपासा. आणि २०१७ मध्ये सीक्लीनरची ५.३३ आवृत्ती कंपनीच्याच साइटवरून, कंपनीच्याच सहीनं, मालवेअरसकट गेली होती, तिचा हॅश अधिकृत हॅशशी बरोब्बर जुळायचा. जुन्या याद्या वापरताना अशा आवृत्त्या लक्षात ठेवा.

१०. सगळं कागदावर आणा

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झालाय. त्याच्या कलम ६३(४) खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र द्यावं लागतं त्याच्या नमुन्यात हॅशचा रकाना आहे, आणि कुठल्या पद्धतीनं काढला त्यासाठी शा-१, शा-२५६, एमडी५ आणि इतर असे पर्याय छापलेलेच आहेत. त्याचे दोन भाग आहेत, अ भाग ज्याच्या ताब्यात ते उपकरण किंवा रेकॉर्ड आहे त्यानं भरायचा, ब भाग तज्ज्ञानं. कोल्हापूरला ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालंय, वकील मंडळी आता हॅश मागत दुकानात येणार, तेव्हा हे माहीत असू द्या. तज्ज्ञ म्हणून सही करायला मात्र कुणी गळ घातली तरी आधी वकिलांशी बोला, दुकान चालवतो म्हणजे तज्ज्ञ होत नाही.

तुमच्या वहीत प्रत्येक कामासाठी एवढं लिहा: डिस्कचा मेक आणि सिरियल नंबर, कधी आली, कुणी दिली, इमेजचा हॅश, कुठलं टूल आणि त्याची आवृत्ती, कुठली यादी आणि ती कुठल्या महिन्याची, किती फायली जुळल्या, किती राहिल्या. यादीचा महिना लिहायला लोक विसरतात, आणि नंतर कुणी विचारलं की ही फाईल तेव्हा अनोळखी कशी निघाली, आता तर सापडते, तर उत्तर त्या एका ओळीत असतं. हॅशची पूर्ण सीएसव्ही डिस्कसोबत गिऱ्हाईकाला द्या, तिचा स्वतःचा शा-२५६ पावतीवर लिहा आणि पावतीवर गिऱ्हाईकाची सही घ्या.